ज्येष्ठांसाठी श्रवणयंत्र : कंपन्यांची तुलना नेमकी कशी करावी

आई-वडिलांसाठी कानाचे मशीन घ्यायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न बहुधा ‘कोणत्या कंपनीचे चांगले?’ हाच निघतो. एका कंपनीचे साधे यंत्र आणि दुसऱ्या कंपनीचे सर्वांत महाग यंत्र शेजारी ठेवून दिलेले त्याचे उत्तर फसवे असते, कारण ती तुलना कंपन्यांची नसून किमतींची असते. तुलना खरी व्हायची असेल, तर दोन्ही यंत्रे एकाच पातळीची असावीत, एकाच तपासणीच्या आधारे आणि आवाज किती वाढवायचा हे ठरवणाऱ्या एकाच सूत्राने बसवलेली असावीत, आणि ती वापरणाऱ्या व्यक्तीने आपल्या घरात, आपल्या माणसांत लावून पाहिलेली असावीत. एवढे केले, की कंपन्यांमधले खरे फरक मोजकेच उरतात आणि निर्णय बराच सोपा होतो.

यंत्राकडे वळण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. मळ साचून किंवा पडद्याला छिद्र असल्याने ऐकू कमी येत असेल, तर त्याचा इलाज वेगळा आहे. ऐकू येणे एकाएकी, तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत कमी झाले असेल, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण त्यावरील औषधांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो. एकाच कानाने कमी ऐकू येणे, कान वाहणे, चक्कर येणे ही लक्षणे असतील, तरीही यंत्राचा विचार नंतर करावा.

त्यानंतरची तपासणी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे होते. ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. बंद खोलीत 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवून ऑडिओग्राम, म्हणजे कोणता स्वर किती मोठा केल्यावर ऐकू येतो याचा आलेख काढला जातो. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुतेकदा उच्च कंपनांचे, म्हणजे उंच पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्ट्यात दडलेली असते. म्हणूनच भाजीवाल्याने ‘साठ रुपये’ म्हटले, की आजोबांना ‘आठ रुपये’ ऐकू येतात आणि ‘मला ऐकू येते, पण समजत नाही’ ही तक्रार सुरू होते. शब्द कितपत उमगतात याची वेगळी चाचणी असते. ती मराठी शब्दांवर करून घेण्याचा आग्रह धरावा आणि दोन्ही अहवालांची प्रत स्वतःकडे ठेवावी. शब्द ओळखण्याची क्षमताच फार घटलेली असेल, तर कोणत्याही कंपनीचे यंत्र ती पूर्णपणे भरून काढू शकत नाही, हे घरच्यांना आधी कळलेले बरे.

आता कंपन्यांकडे येऊ. बाजारात नावे पुष्कळ दिसली, तरी मोठे उद्योगसमूह पाचच आहेत. स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे फोनॅक आणि युनिट्रॉन, डेन्मार्कच्या डेमंटकडे ओटिकॉन आणि बर्नाफॉन, 2019 मध्ये सिव्हँटोस आणि वाइडेक्स यांच्या विलीनीकरणातून झालेल्या डब्ल्यूएस ऑडिओलॉजीकडे सिग्निया, वाइडेक्स आणि रेक्सटन, डेन्मार्कच्याच जीएनकडे रिसाउंड आणि बेल्टोन, तर पाचवी अमेरिकेची स्टार्की. पूर्वी ‘सीमेन्सचे मशीन’ म्हणून आपल्याकडे जे ओळखले जाई, त्याचाच वारसा आज सिग्नियाकडे आहे. हा नातेसंबंध माहीत असण्याचा फायदा असा, की एकाच समूहातील दोन नावांच्या यंत्रांत बरेचसे तंत्र सामाईक असू शकते. त्यामुळे मुख्य नाव बजेटबाहेर जात असेल, तर त्याच घरातील दुसऱ्या नावाची चौकशी जरूर करावी.

सर्वाधिक गोंधळ होतो तो पातळी दाखवणाऱ्या आकड्यांचा. प्रत्येक कंपनी एकाच सांगाड्याचे यंत्र तीन ते पाच पातळ्यांत विकते. फोनॅकमध्ये या पातळ्या 30, 50, 70, 90 अशा चढत्या आहेत. वाइडेक्समध्ये 110, 220, 330, 440, तर सिग्नियामध्ये 1 पासून 7 पर्यंत आकडा वाढेल तशी पातळी वाढते. ओटिकॉनमध्ये मात्र क्रम नेमका उलटा असून 1 ही सर्वांत वरची पातळी आहे आणि आकडा वाढेल तशी पातळी खाली येते. सिग्नियाचे ‘3’ आणि ओटिकॉनचे ‘3’ हे आकडे सारखे दिसले, तरी त्यांचे स्थान सारखे नाही. म्हणून दरपत्रक हाती घेताना नाव आणि किंमत यांच्यासोबत ‘हे यंत्र तुमच्या किती पातळ्यांपैकी वरून कितवे?’ आणि ‘ही मालिका कोणत्या वर्षीची?’ हे दोन प्रश्न विचारून उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत. मागच्या पिढीतील वरच्या पातळीचे यंत्र आणि नव्या पिढीतील तळाचे यंत्र कधीकधी एकाच किमतीला मिळतात, आणि ती निवडही समजून करता येते.

चॅनेलच्या, म्हणजे यंत्र आवाजाचे जे पट्टे पाडते त्यांच्या संख्येवर तर तुलना करूच नये. वाइडेक्सच्या मोमेंट मालिकेतील सर्वांत वरच्या यंत्रात 15 चॅनेल आहेत, तर सिग्नियाच्या 7 एएक्स या यंत्रात 48. म्हणून दुसरे तिप्पट चांगले ठरत नाही, कारण आवाजाचे पट्टे पाडून त्यांवर काम करण्याची दोघांची रीतच वेगळी आहे. महाग पातळीबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या ज्येष्ठांना दोन मोठ्या कंपन्यांची साधी आणि उच्च दर्जाची, अशी दोन्ही प्रकारची यंत्रे आळीपाळीने वापरायला दिली होती. सगळ्याच यंत्रांचा त्यांना चांगला उपयोग झाला, पण महाग यंत्राने रोजच्या ऐकण्यात स्वस्ताहून ठळक भर घातल्याचे आढळले नाही. अभ्यास लहान होता आणि तंत्रज्ञान त्यानंतर पुढे गेले आहे. तरीही खर्चाला मर्यादा असेल, तर एका कानात अत्युच्च पातळीचे यंत्र घालण्यापेक्षा दोन्ही कानांत मधल्या पातळीची यंत्रे घालावीत, असेच मी सांगेन. दोन्ही कान सारखेच कमी ऐकत असतील, तर आवाज कुठून आला हे ओळखणे आणि गलक्यात बोलणे वेगळे काढणे दोन कानांनीच जमते.

एकाच पातळीवर आणल्यानंतर कंपन्यांत जे फरक उरतात, त्यांपैकी ज्येष्ठांच्या दृष्टीने पहिला फोनचा आहे. फोनॅकने मार्व्हलसारख्या मालिकांत नेहमीच्या ब्लूटूथवर चालणारी यंत्रे आणली, त्यामुळे ब्लूटूथ असलेल्या साध्या बटणांच्या फोनशीही ती जोडता येतात. इतर बऱ्याच यंत्रांची थेट जोडणी आयफोनशी आणि ठरावीक अँड्रॉइड फोनशीच होते. आजी जो फोन रोज वापरतात तोच घेऊन जावा आणि दुकानातून घरी एक फोन लावून पाहावा, कारण माहितीपत्रकातील ‘ब्लूटूथ आहे’ या वाक्यावरून काहीच ठरत नाही.

दुसरा फरक आवाजाच्या पोताचा. वाइडेक्सचा आवाज अनेकांना अधिक नैसर्गिक वाटतो. सिग्नियाने स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटू नये यासाठी तो वेगळा ओळखण्याची सोय केली आहे. ओटिकॉनचा भर चहूबाजूंचे आवाज मोकळे ठेवण्यावर आहे. स्टार्कीने काही यंत्रांत पडल्याची सूचना घरच्यांना फोनवर देणारे सेन्सर बसवले आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या व्यक्तीसाठी हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. बहिरेपण तीव्र असेल, तर मुख्य प्रश्न यंत्राच्या ताकदीचा होतो. अशा वेळी नाजूक दिसणारे कानातले यंत्र बाजूला ठेवून कानामागचे, मापाचा साचा घेऊन बसवलेले यंत्र निवडावे, नाहीतर शिट्टी वाजत राहते आणि चार दिवसांत यंत्र डबीत जाते.

तिसरा मुद्दा बोटांचा आहे आणि निवड करणारी तरुण मंडळी तो हमखास विसरतात. बदलता सेल असलेल्या यंत्रांत 10, 312, 13 आणि 675 अशा चार मापांचे झिंक-एअर सेल येतात आणि त्यांवर चिकटवलेल्या चकत्यांचे रंग अनुक्रमे पिवळा, तपकिरी, नारिंगी आणि निळा असे ठरलेले आहेत. चकती काढली, की सेलमध्ये हवा शिरते, म्हणून मिनिटभर थांबून मग तो यंत्रात बसवावा, आणि एकदा काढलेली चकती परत लावून सेल वाचत नाही. 312 चा सेल मसुराच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्या किंवा हात थरथरणाऱ्या व्यक्तीला तो आठवड्याला बदलणे जमेल का, हे दुकानातच स्वतः बदलायला देऊन पाहावे, आणि जमत नसेल तर चार्जिंगचे यंत्र घ्यावे. चार्जिंगच्या यंत्रातील बॅटरी मात्र बहुधा कंपनीच बदलून देते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात राहत असाल, तर वीज साठवणारी चार्जिंगची पेटी त्या मॉडेलसाठी मिळते का, हेही विचारावे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातील दमटपणा यंत्रांना फार त्रास देतो. तेथे सिलिका जेलची कोरडी डबी रोज रात्री वापरायलाच हवी.

यंत्र बसवण्याची पद्धत कंपनीच्या नावाहून अधिक महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे. संगणकावर ऑडिओग्राम भरून ‘फर्स्ट फिट’चे बटण दाबले, की प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सूत्राने आवाज ठरवते, आणि हा आवाज ऐकायला गोड वाटावा म्हणून बारीक पट्टीत अनेकदा गरजेपेक्षा कमी ठेवलेला असतो. अशी दोन यंत्रे लागोपाठ लावली, तर आपण यंत्रे जोखत नसून दोन सूत्रे जोखत असतो. म्हणून ऑडिओलॉजिस्टना विनंती करावी, की दोन्ही यंत्रे ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय ध्वनी प्रयोगशाळेच्या एनएएल-एनएल2 या सर्वमान्य सूत्रावर बसवा आणि शक्य असल्यास रिअल इअर मेजरमेंट करा. या मोजणीत यंत्रासोबत एक बारीक मऊ नळी कानात सरकवतात आणि कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो, हे संगणकावरील आलेखात दिसते. सर्वच केंद्रांत ही सोय नसते. जिथे आहे ते केंद्र थोडे दूर असले, तरी मी तेच निवडेन.

यानंतर घरी वापरून पाहण्याची मुदत मागावी. शांत वातानुकूलित खोलीत सगळीच यंत्रे छान वाटतात. घरात पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो, कुकरची शिट्टी होते, सून स्वयंपाकघरातून पाठमोरी बोलते आणि टीव्हीवर मालिका चालू असते. या परिस्थितीत प्रत्येक यंत्र निदान आठवडाभर वापरावे. सुरुवातीला कागदाची चुरचुर आणि भांड्यांचा खणखणाट टोचतो, कारण मेंदूला त्या आवाजांची सवय राहिलेली नसते. तेवढ्यावरून यंत्र नापसंत करू नये. घरातील एकाने वहीत रोज लिहावे : कोणाचे बोलणे चुकले, कोणता शब्द चुकून काय ऐकू आला, दिवसातून किती वेळ यंत्र कानात होते आणि ते का काढले. ‘बरे वाटते’ या उत्तरापेक्षा अशा नोंदी ऑडिओलॉजिस्टच्या कितीतरी अधिक उपयोगी पडतात. ‘नातीचे बोलणे कळत नाही, मुलाचे कळते’ असे सांगितले, तर कोणती पट्टी वाढवायची हे त्यांना लगेच समजते.

परदेशातील मुले आई-वडिलांसाठी तिकडून यंत्र आणतात, तेव्हा दोन गोष्टी तपासाव्यात. अमेरिकेत ऑक्टोबर 2022 पासून तपासणीशिवाय दुकानात मिळणारी यंत्रे सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठीच आहेत, त्यापुढच्या बहिरेपणासाठी ती नाहीत. शिवाय काही दुकानसाखळ्यांची यंत्रे कुलूपबंद असतात, म्हणजे बाहेरचा ऑडिओलॉजिस्ट त्यांचे प्रोग्रामिंग करू शकत नाही. वॉरंटीही अनेकदा खरेदीच्या देशापुरतीच असते. सांगली-लातूरमध्ये राहणाऱ्या आजोबांना डलासची वॉरंटी उपयोगी पडत नाही. कुलुपाचा प्रश्न भारतात विकत घेतानाही विचारावाच. ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणारे ‘साउंड अँप्लिफायर’ मात्र या तुलनेत धरूच नयेत, कारण ते ऑडिओग्रामप्रमाणे न चालता सगळाच आवाज मोठा करतात.

खर्चाच्या बाबतीत श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, हे बिल पाहताना ध्यानात असू द्यावे. महाराष्ट्रात 65 वर्षे पूर्ण केलेल्या आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी 3000 रुपये बँक खात्यात मिळू शकतात. या रकमेत चांगले डिजिटल यंत्र येत नाही, पण खर्चाला तेवढाच हातभार लागतो. दुकानदाराचा हितसंबंध नसलेली तपासणी आणि सल्ला हवा असेल, तर मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगता संस्थेचा विचार जरूर करावा.

यंत्र पक्के झाले, की बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव, पातळी, दोन्ही कानांच्या यंत्रांचे अनुक्रमांक, वॉरंटीची मुदत, यंत्र हरवल्यास मिळणारे संरक्षण आणि पुढील किती भेटी किमतीत समाविष्ट आहेत, हे सर्व लिहून घ्यावे. पहिली भेट दोन-तीन आठवड्यांनी ठरवावी आणि त्या भेटीला वही सोबत न्यावी.