शिगम्याला घरचा मोगरा हवा? मग कात्री आत्ताच काढा

संक्रांत झाली की आमच्या फोंड्याकडे सकाळी गारवा असतो पण दुपारी ऊन तापायला लागतं, मोगऱ्याचं काम करायची वेळ हीच. जानेवारी अखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, त्यात उरकून घ्या. मोगऱ्याची कळी जुन्या काडीवर नाही, नव्या फुटीच्या टोकाला येते, म्हणून नवी फूट हवी तर जुनं कापायलाच लागतं.

आधी पाणी तोडा. जमिनीतल्या झाडाचं 10-12 दिवस, कुंडीतल्याचं 3-4 दिवस, पानं जराशी मलूल दिसली की बस, पार वाळवू नका.

मग छाटणी. इथेच सगळे घाबरतात. मीपण घाबरायचे, दोन वर्षं नुसते शेंडे खुडले आणि झाड वेलासारखं लांबच लांब गेलं, फुलं मात्र पाच-सहा. आता मी तिसरा हिस्सा तरी कापते, जुनं झाड असेल तर अर्धं. वाळक्या, बारीक, आत घुसलेल्या काड्या आधी काढायच्या, बाकीच्या फांद्या पानांच्या जोडीच्या जरा वर कापायच्या. उरलेली पानंपण हाताने काढा, पण खाली ओढू नका, साल निघते, वरच्या बाजूला उचलून मोडायचं. झाड अगदी बोडकं दिसतं, दिसू दे. आठ-दहा दिवसांत, जिथे पानाचा देठ होता तिथे तांदळाच्या कणीएवढे हिरवे डोळे फुटलेले दिसतात, ते बघायला मी रोज चहाचा कप घेऊन अंगणात जाते.

छाटल्यावर बुडाची माती दोन इंच उकरून दोन दिवस ऊन खाऊ दे. मग 12 इंची कुंडीला दोन मुठी कुजलेलं शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड, आणि भरपूर पाणी. युरिया नकोच, पानंच पानं होतात. आपल्या चिऱ्याच्या लाल मातीत पाणी टिकत नाही तर बुडाशी नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) उपडी ठेवा, उताणी ठेवली तर त्यात पाणी साचून डास होतात.

ऊन 5-6 तास हवंच. माडा-पोफळीच्या सावलीत मोगरा जगतो, फुलत नाही.

कळ्या जांभळट पडून गळायला लागल्या तर आत अळी आहे. त्या कळ्या तोडून लांब टाका आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड घालून फवारा, आठवड्याने परत.

साधारण दीड महिन्यात कळ्या धरतात, बहुतेक तीन-तीनच्या झुपक्यात आणि मधली आधी फुलते. गजऱ्याला पांढऱ्या टपोऱ्या कळ्या उन्हं उतरल्यावर काढा, रात्री ओल्या फडक्यात उमलतात. झुपका संपला की ती काडी दोन पानांच्या जोड्या सोडून खाली कापा, परत फूट येते, असं पाऊस लागेपर्यंत चालतं.