स्वे (लिनक्सवर खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर): मराठी कीबोर्ड लावला की शॉर्टकट मरतात (सुटलं!)

लक्षण: इनस्क्रिप्टवर (मराठी बटणांच्या मांडणीवर) गेलं की मॉड (शॉर्टकटसाठी ठरवलेली की, बहुधा विंडोज की)+एंटरने टर्मिनल उघडतं, पण मॉड+डी, मॉड+एच वगैरे अक्षरांची बटणं गप्प. इंग्रजीवर परत आलं की सगळं सुरळीत. इंदुरात आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी-यादी टाइप करताना तीन संध्याकाळी यात गेल्या.

मॉड की बदलून पाहिली, स्वे पुन्हा टाकून पाहिलं, व्यर्थ.

कारण साधं आहे. बाइंडसिम (स्वेच्या कॉन्फिगमध्ये शॉर्टकट ठरवणारी आज्ञा) बटण पाहत नाही, त्यातून निघणारं चिन्ह पाहतो. इनस्क्रिप्टमध्ये डीच्या बटणावर हलन्त आहे, मग डी सापडणार कुठून? एंटर दोन्हीकडे एंटरच, म्हणून तो चालतो.

आधी कॉन्फिगच्या इनपुट भागात एक्सकेबी_लेआउटचा (कीबोर्डच्या मांडण्यांच्या यादीचा) क्रम 'यूएस,आयएन', म्हणजे आधी इंग्रजी मग भारतीय, असा केला. यूएस पहिलाच हवा, कारण कोणतं चिन्ह कोणत्या बटणाचं हे पुढे पहिल्या लेआउटवरून ठरतं. मग अक्षरांच्या प्रत्येक ओळीत बाइंडसिमनंतर लगेच, मॉडच्या आधी, '--टू-कोड' घातलं; त्याने स्वे चिन्हाऐवजी बटणच पाहतो. शेवटी कॉन्फिग पुन्हा वाचायला टर्मिनलमधून 'स्वेएमएसजी रीलोड'. त्याचाच शॉर्टकट मॉड+शिफ्ट+सी मराठीत तोवर चालत नाही, तिथेच मी फसलो होतो.

आता हलन्तावर मॉड दाबलं तरी मेनू उघडतो.