शाळेसाठी अनुदानाचा अर्ज लिहिताना
वाचनालयासाठी केलेल्या पहिल्या अर्जात मी ‘मुलांचा सर्वांगीण विकास’ असं लिहिलं होतं. तो नामंजूर झाला. दुसऱ्या वेळी मोजून लिहिलं: मुलं 64, वाचण्याजोगी पुस्तकं 41, कपाट एक, तेही कुलूपबंद. पैसे मिळाले.

आधी अनुदान देणाऱ्या संस्थेचे नियम नीट वाचा. काही संस्था फक्त वस्तू देतात; चित्रकला शिक्षकाचं मानधन तिथे मागून उपयोग नाही. विज्ञानाच्या अंदाजपत्रकात सूक्ष्मदर्शकाबरोबर काचपट्ट्या, स्पिरिट, फुटणाऱ्या परीक्षानळ्याही धरा. हेच हमखास विसरलं जातं, आणि मग सूक्ष्मदर्शक खोक्यातच राहतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. दरपत्रकं जोडा.

पुस्तकं मुलांना विचारूनच निवडा. कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, तेही अर्जात लिहा. आमच्याकडे ती सातवीतल्या दोन मुलींकडे असते.