भिंतीवर नको ते पट्टे दिसू लागले, तर लेसरच्या मांडणीतला दोष कसा शोधावा

“काका, ट्यूब गेली बहुतेक,” म्हणत शेजारचा बारावीतला मुलगा मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आला. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. लेसरवर काम करणारं प्रगत तंत्रज्ञान केंद्र इथून जवळच. १९८४ साली त्याची पायाभरणी झाली, पुढे त्याला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव मिळालं, तरी लोकांच्या तोंडी ते अजून जुन्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं ‘कॅट’च आहे. त्यामुळे आमच्या वस्तीतल्या मुलांच्या कानावर लेसर हा शब्द लहानपणापासून पडलेला असतो.

त्याने एका जुन्या हीलियम-निऑन लेसर ट्यूबवर मायकेलसन या शास्त्रज्ञाची मांडणी केली होती. भिंगाने पसरवलेला किरण काचेवर दुभंगायचा, दोन आरशांवरून परत आणायचा आणि भिंतीवर पुन्हा एकत्र करायचा. भिंतीवर एकात एक कडी दिसायला हवीत. ती होती, पण त्यांच्यावरून तिरपे, सरळ, खिडकीच्या गजांसारखे पट्टे गेले होते. नव्या ट्यूबसाठी त्याने आईकडे पैसेही मागून ठेवले होते. ट्यूब ठणठणीत होती.

असे पट्टे आपोआप उमटत नाहीत. कुठे तरी एका किरणाचे दोन झालेले असतात आणि ते दोन पुन्हा एकमेकांवर पडत असतात. ते कुठे दुभंगले, एवढंच शोधायचं. खाली दिलेला क्रम मी नेहमी पाळतो, आणि तो उलटा करू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी जिवाची काळजी

छोटी हीलियम-निऑन ट्यूब पेटताना ६ ते १० हजार व्होल्ट घेते आणि पेटल्यावर १ ते २ हजारांवर चालते. स्विच बंद केल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. म्हणून उघड्या टोकांना हात लावायचा नाही, आणि मुलांनी एकट्याने हे काम करायचं नाही. डोळे कधीही किरणाच्या उंचीवर आणू नका. काही उचलायला वाकायचं असेल, तर आधी किरणासमोर काळा पुठ्ठा धरा. घड्याळ, अंगठी, बांगडी काढून ठेवा, कारण त्यांच्यावरून उसळलेला किरण कुणाच्या डोळ्यात जाईल ते सांगता येत नाही.

अर्धा तास थांबा

ट्यूब तापेपर्यंत काहीही ठरवू नका. ट्यूबची काच बहुधा बोरोसिलिकेट असते. २० सेंटिमीटर लांबीची अशी काच १ अंश तापमान वाढलं की सुमारे ०.६६ मायक्रोमीटरने लांबते. हे ऐकायला नगण्य वाटतं, पण लाल प्रकाशाची तरंगलांबीच ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे साधारण तेवढीच आहे. ट्यूबच्या दोन टोकांच्या आरशांमध्ये मावणाऱ्या वारंवारता, ज्यांना मोड म्हणतात, त्या लांबीबरोबर सरकत राहतात. बऱ्याच स्वस्त ट्यूबमध्ये शेजारच्या दोन मोडचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, एकमेकांना काटकोनात असतं, आणि ४५ अंशांत उभ्या केलेल्या साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग एका ध्रुवणाचा सुमारे ९ टक्के प्रकाश परत फेकतो, तर दुसऱ्याचा १ टक्क्याहूनही कमी. त्यामुळे सुरुवातीला भिंतीवरचा उजेड श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होतो. ट्यूबचं तापमान स्थिरावलं की ही चढउतार मंदावते. मंदावली नाही, तर ट्यूबवर वारा कुठून येतोय ते बघा.

या अर्ध्या तासात मोबाइलने भिंतीचा फोटो काढा आणि पट्ट्यांची दिशा व अंतर वहीत लिहून ठेवा. नंतर आठवणीवर विसंबलात, तर घोळ होतो.

नुसता किरण बघा

भिंग, काच, आरसे सगळं काढा आणि किरण थेट ३-४ मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर पाडा. मधोमध उजळ आणि कडेला अलगद विरत जाणारा एकच गोल ठिपका दिसला, तर ट्यूबवर संशय घेऊ नका. दोन शेजारी ठिपके किंवा मधे काळोख असलेलं कडं दिसलं, तर ट्यूबच्या आरशांची रांग बिघडलेली असू शकते. आरसे ट्यूबलाच चिकटवलेले असतील, तर ते वाकवून बघण्याचा मोह आवरा, कारण त्यात काच तडकते आणि आतला वायू जातो. मुख्य ठिपक्याशेजारी एक फिका ठिपका दिसत असेल, तर तो बहुधा पुढच्या आरशाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा असतो. काळ्या पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून त्याला अडवा.

प्रकाशात वाळूसारखे चमचमणारे कण दिसतात, तो दोष नाही. खडबडीत भिंतीवर लेसरचा सुसंगत, म्हणजे एकाच तालातल्या लहरींचा, प्रकाश पडला की ते दिसणारच. डोकं हलवलं की तेही हललेले दिसतात, आणि लघुदृष्टीच्या माणसाने चष्मा काढला तर डोकं जाईल त्याच्या उलट दिशेला जातात. खरे पट्टे डोकं हलवून जागा सोडत नाहीत.

एक वाट झाका

सगळी मांडणी पुन्हा लावा आणि एका आरशासमोर काळा कागद धरा. गोल कडी जातील, कारण त्यांना दोन्ही वाटा लागतात. सरळ पट्टेही गेले, तर दोष दोन वाटांच्या कोनात आहे, आरसा किंचित फिरवला की काम होईल. पट्टे राहिलेच, तर ते एकाच वाटेत जन्मले आहेत. त्या मुलाचे पट्टे तसेच राहिले. मग दुसऱ्या आरशासमोर कागद धरला, तरीही राहिले. दोन्ही वाटांना सामाईक अशा दोनच वस्तू होत्या: भिंग आणि किरण दुभंगणारी काच.

आता यांतली एका वेळी एकच वस्तू हलवायची. भिंग त्याच्याच अक्षाभोवती फिरवलं, पट्टे ढिम्म. काच अर्धा अंश कलती केली, आणि पट्टे लगेच सरकले.

काच म्हणून त्याने मायक्रोस्कोपची १ मिलिमीटर जाडीची स्लाइड लावली होती. साध्या काचेचे दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ सारखाच प्रकाश परत फेकतात, त्यामुळे एका किरणाचे दोन जुळे किरण निघतात. ४५ अंशांत उभ्या काचेत या जुळ्यांमधलं अंतर जाडीच्या सुमारे ०.७६ पट असतं, म्हणजे इथे पाऊण मिलिमीटर. भिंगाने किरण आधीच पसरवलेला होता, भिंत २ मीटरवर. तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून या पाऊण मिलिमीटरने भागलं, तर पट्ट्यांमधलं अंतर १.७ मिलिमीटरच्या आसपास येतं. आम्ही पट्टीने मोजलं, ते दीड ते दोनच्या मधे भरलं. माझ्या दृष्टीने हा हिशेब या सगळ्या खटाटोपातला सर्वात सुंदर भाग आहे, कारण इथे अंदाज संपतो आणि खात्री सुरू होते.

उपाय दोन. काच ५ मिलिमीटर जाड घेतली, तर जुळ्यांमधलं अंतर पाचपट होतं आणि पट्टे पाचपट बारीक होतात, इतके की लांबून जाणवत नाहीत. त्याहून चांगला उपाय म्हणजे पुढच्या बाजूवर अर्धपारदर्शक मुलामा असलेली काच. तिचा पुढचा पृष्ठभाग निम्मा प्रकाश परतवतो आणि मागचा जेमतेम ४-५ टक्के, त्यामुळे भुताटकीचे पट्टे असले तरी फिके पडतात.

काचेच्या दोन बाजू समांतर नसतील, तरीही सरळ पट्टे येतात. समांतर किरणात १ मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, कोनाची पाचर जवळपास पाऊण मिलिमीटर अंतराचे पट्टे काढते. ती काच तिच्याच प्रतलात फिरवली, तर पट्टेही तिच्याबरोबर फिरतात. ही खूण पक्की.

बारीक कडी, ठिकठिकाणी

भिंतीवर नेमबाजीच्या निशाण्यांसारखी छोटी छोटी कडी विखुरलेली असतील, तर ती धूळ आहे. उन्हाळ्यात माळव्याची बारीक माती बंद खिडकीतूनही आत येते. भिंग फिरवून बघा. ज्या वस्तूबरोबर कडी फिरतील, तिच्यावर धूळ आहे. आधी रबरी फुग्याने फुंकर मारा, मगच मऊ कागदावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन एकदाच, एकाच दिशेने पुसा. साडीच्या पदराने किंवा शर्टाच्या टोकाने कधीही नाही.

पट्टे आहेत, पण पुसट

कडी हवी तिथे आहेत, मात्र काळं-लाल नीट वेगळं होत नाही, अशी तक्रार असेल तर दोन वाटांची लांबी मोजा. आरशांमधलं अंतर २० सेंटिमीटर असलेल्या ट्यूबमध्ये मोड ७५० मेगाहर्ट्झच्या अंतराने बसतात आणि बहुतेक वेळा दोन एकत्र चालतात. दोघे आपापले पट्टे काढतात. एका वाटेचा आरसा दुसऱ्यापेक्षा १० सेंटिमीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन २० सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि नेमके एकाचे उजळ पट्टे दुसऱ्याच्या काळ्यांवर पडतात. वाटा सारख्या करा, किंवा दोन वाटांच्या आरशांच्या अंतरांतला फरक थेट २० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे पट्टे परत उठून दिसतील. जागा बदलता येत नसेल, तर ट्यूबपुढे योग्य कोनात पोलरायझर (एकाच ध्रुवणाचा प्रकाश जाऊ देणारी चकती) लावून एकच मोड घ्या.

उजेड धक्के खात असेल आणि आरशासमोर कागद धरताच शांत होत असेल, तर परतलेला किरण ट्यूबच्या तोंडात शिरतो आहे. आरसा इतकाच कलता करा की परतीचा ठिपका तोंडाच्या शेजारी पडेल.

पट्टे थरथरतात

आरसा ०.३२ मायक्रोमीटर सरकला की एक पूर्ण पट्टा सरकतो, त्यामुळे रस्त्यावरून गेलेला ट्रकही भिंतीवर दिसतो. जाड कोटा फरशी घ्या, स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब तिच्याखाली ठेवा आणि सगळी मांडणी फरशीवर करा. पंखा बंद. भोवती पुठ्ठ्याची पेटी उभी करा, कारण ३० सेंटिमीटरच्या वाटेतली हवा १ अंशाने तापली तरी एक पट्टा सरकतो. आम्ही रात्री अकरानंतर बसलो. रहदारी थांबली होती आणि माळव्यातली थंड रात्र होती. नव्या काचेवर पहिल्यांदा स्वच्छ कडी आली, तेव्हा त्याने कुणी सांगायच्या आत पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वस्तूची जागा फरशीवर आखून ठेवली.