उघडीप पडली, आता सातव्या दिवशी पाणी तोडा

पावसाची उघडीप पडली की हिवतापाचे खरे दिवस सुरू होतात. धो धो पावसात अळ्या वाहून जातात. उघडिपीत खाचरातलं, चरातलं, गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांतलं पाणी निवळतं, तापतं, आणि हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलीस डासाला तेच हवं असतं. उबदार पाण्यात अंड्याचा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी तोडा, म्हणजे साचलेलं पाणी उतरवून खाचर कोरडं पडू द्या. हे फुकटचं कामच राहून जातं, मग ऐन बेणणीत (तण काढायच्या दिवसांत) घरातले हात अंथरुणाला खिळतात.

पाणी पुन्हा कधी भरायचं ते कळावं म्हणून भातात 30 सेंमीचा पाइप, खालच्या 15 सेंमीला भोकं पाडून, तेवढाच जमिनीत ठोका. आतली माती काढा. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करा. पाइपातलं पाणी जमिनीखाली 15 सेंमी उतरलं की पुन्हा 5 सेंमी भरा. भारी जमिनीत सातव्या दिवशीही वर पाणी दिसलं तर पाइपाची वाट पाहू नका, बांधाला खांड पाडा. युरिया पाणी भरण्याच्या तोंडावर द्या, म्हणजे वाहून जात नाही. फुलोऱ्याच्या आधी-नंतर एकेक आठवडा मात्र पाणी ठेवा, नाहीतर पळिंज (पोकळ दाणे) वाढतं.

लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे अवघड. रोप लहान, ऊन थेट पाण्यात, अळ्या भरपूर; पाणी तोडलं तर तण माजतं. पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन बघा: पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी ॲनाफिलीसची. दिसली तर अळ्या मारणारा बीटीआय जीवाणू टाका, पाकिटावरच्या मात्रेत. युरियाचा हात सैल असलेल्या खाचरात अळ्या जास्त, असा आमचा अंदाज.

खाचर सपाट नसेल तर सखल कोपऱ्यात डबकं उरतं आणि अळ्या तिथेच तगतात. तिथून चर काढून पाणी तोडा.

दुकानदार ‘प्रतिबंधक’ म्हणून सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक गळ्यात मारेल. घेऊ नका. मच्छरदाणीवरचं औषध त्याच पायरेथ्रॉइड गटातलं. शेतात वारंवार मारलं की डास निर्ढावतात. शिवाय अळ्या खाणारे चतुर आणि पाणकिडे मरतात, भाताचा रस शोषणारे तुडतुडेही उसळतात.

एकट्याने भागत नाही, डास एक-दोन किलोमीटर सहज उडतो. पाटाखालच्या सगळ्यांनी पाणी तोडायचा एकच वार धरा.

बाकीची कामं:
- पाटातलं गवत काढून पाणी वाहतं ठेवणे
- शेततळ्यात गप्पी मासे, काठ साफ
- राखणीच्या मचाणावर आणि मजुरांच्या खोपटात औषधी मच्छरदाणी. ती रोपांवर पांघरू नये
- ताप आल्यास 24 तासांत रक्ततपासणी, गोळ्या पूर्ण, बाहेरगावच्या मजुरांनाही