कंपनीची शाई की बाहेरची? फ्लेक्सवाल्यांनो, या चुका टाळा

गणपतीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे सावंतवाडीपासून महाडपर्यंत प्रत्येक फ्लेक्सवाल्याची सुगी. 'चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत'चे बॅनर, मंडळांच्या कमानी, वाढदिवसांचे फोटो, सगळं एकाच वेळी. नेमक्या याच दिवसांत मशीन लाइन मारायला लागतं, म्हणजे छपाईत रेघा पडतात, आणि दुकानात दोन तट पडतात. एक म्हणतो, "सांगितलं होतं, बाहेरची इंक घालू नको." दुसरा म्हणतो, "कंपनीची घातली असती तर दुकानच विकावं लागलं असतं." दोघांचंही थोडं बरोबर असतं. पण बाहेरच्या शाईने जेवढी मशीनं बंद पडतात, त्याहून जास्त शाई सारखी बदलत राहिल्याने पडतात असं माझं मत आहे.

आधी 'कंपनीची' म्हणजे कोणाची, ते पाहा. एप्सन, एचपी, कॅनन, रोलँड, मिमाकी यांच्या मशीनला त्यांच्या नावाची शाई येते आणि हेड (शाई फवारणारा भाग), शाई, प्रोफाइल (त्या शाईसाठीची रंगांची सेटिंग) हे सगळं एकमेकांशी जुळवून दिलेलं असतं. दहा फुटी फ्लेक्सच्या चिनी मशीनचं तसं नाही. सांगाडा एकाचा, हेड कोनिकाचं किंवा स्पेक्ट्राचं, आणि डीलर देतो ती 'कंपनीची' शाई बहुतेक वेळा तिसऱ्यानेच भरलेली. अशा मशीनवर प्रश्न एवढाच उरतो की हेडला कोणती शाई चालते आणि ती दर महिन्याला तशीच मिळते का.

लिटरचा भाव बघून निर्णय घेणं

हिशेब चौरस फुटावर मांडा. साधारण रंगीत कामाला चौरस मीटरला 10 मिलीच्या आसपास शाई लागते, म्हणजे चौरस फुटाला जवळपास 1 मिली. समजा कंपनीची शाई लिटरला 9000 रुपये पडते आणि बाहेरची 1500. फरक चौरस फुटाला साडेसात रुपये. बारा-पंधरा रुपये फुटाच्या फ्लेक्सला हा फरक झेपणारच नाही, तिथे चर्चाही नको. पण लॅमिनेट करून सनबोर्डवर चिकटवलेलं व्हिनाइल 80 रुपये फुटाने देत असाल, तर तो झेपतो. एकाच दुकानात दोन मशीन असतील तर दोन वेगळे निर्णय घ्यायला काहीच हरकत नाही.

हिशेबात एक गोष्ट हमखास सुटते. रोज सकाळी दोन-तीन वेळा हेड क्लीनिंग मारावं लागत असेल, तर तेवढी शाई थेट वेस्ट टँकमध्ये जाते. महिन्याला वेस्ट किती निघतं ते एकदा मापून बघा.

चुकीच्या जातीची शाई

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फ्लेक्सच्या मशीनची कडक सॉल्व्हंट शाई इको-सॉल्व्हंट (सौम्य सॉल्व्हंटच्या) मशीनमध्ये ओतणारे अजून भेटतात, कारण ती स्वस्त आणि 'सॉल्व्हंट तर दोन्हीकडे आहेच'. डीएक्स5, एक्सपी600 यांसारख्या एप्सनच्या हेडमधली जोडणी आणि सील कडक सॉल्व्हंटपुढे टिकत नाहीत. सुरुवातीला प्रिंट झकास येते, रंगही गडद दिसतो. मग एक दिवस दोन रंग आतल्या आत मिसळायला लागतात आणि हेड गेलेलं असतं. दाटपणाचंही तसंच आहे. एप्सनच्या हेडला पातळ शाई लागते, कोनिका-स्पेक्ट्राला त्याहून घट्ट. म्हणून डब्यावर फक्त 'इको-सॉल्व्हंट' लिहिलंय एवढ्यावर भागत नाही, कोणत्या हेडसाठी ते विचारा. विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

एचपीच्या लेटेक्स मशीनचं गणित आणखी वेगळं. त्यातली हेड थर्मल, आपणच बदलायची, त्यामुळे हेड गेलं तरी मशीन बसत नाही. पण ती शाई पाण्यावरची असते आणि उष्णतेने पक्की होते. बाहेरची शाई त्या तापमानाला नीट बसली नाही तर छपाई नखाने खरवडून निघते. शिवाय कार्ट्रिजवरच्या चिपचा मामला आहेच. एचपीच्या काही प्रिंटरांत फर्मवेअर अपडेट झाल्यावर बाहेरची चिप चालेनाशी होते, आणि हे कंपनी स्वतःच सांगते. अशा मशीनवर बाहेरची कार्ट्रिज घेणार असाल तर तेवढा धोका धरून घ्या.

अर्धी जुनी, अर्धी नवी

टाकीत बोटभर शाई उरलेली असते, नवा डबा दुसऱ्या कंपनीचा येतो आणि 'मजेंटा तो मजेंटा' म्हणून वरून ओतला जातो. दोन शायांमधले रेझिन आणि पिगमेंटचे कण सांभाळून ठेवणारी रसायनं वेगळी असली, तर कण एकमेकांना धरतात आणि गाळ होतो. हेडची नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, तुंबवायला तो पुरेसा आहे.

ओतण्याआधी एक काचेची स्वच्छ बाटली घ्या. प्लास्टिकची नको, सॉल्व्हंट तिला धरतं. दोन्ही शाया निम्म्या-निम्म्या घाला, हलवा, झाकण लावा आणि निदान एक दिवस, जमल्यास दोन दिवस ठेवा. मग बाटली हळूच आडवी करून उजेडासमोर धरा. काचेवरून शाई एकसारखी सरकली तर ठीक. दह्यासारखे बारीक कण काचेला चिकटून मागे राहिले किंवा तळाशी चिखल बसला, तर त्या दोघींची गाठ घालू नका. चारही रंगांची चाचणी वेगळी करा. सायन जुळला म्हणून यलो जुळेलच असं नाही.

चाचणी पास झाली तरी पूर्ण बदल करताना लाइन (शाईच्या नळ्या) रिकामी करून त्याच जातीच्या फ्लशने, म्हणजे धुण्याच्या द्रवाने, धुवा, फिल्टर आणि डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) नवे टाका. डॅम्परची किंमत हेडपुढे काहीच नाही, तरी लोक तिथेच काटकसर करतात. आणि हा उद्योग श्रावण लागल्यावर काढू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला, काम थंड असतं तेव्हा करा.

प्रोफाइल न बदलता छापत राहणं

शाई बदलली की रिपमधलं (फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) जुनं प्रोफाइल निकामी होतं. आपल्याकडे हे पहिल्यांदा भगव्यात दिसतं. भगवा मजेंटा आणि यलोच्या तोलावर उभा असतो; नवा मजेंटा जरा जोरकस निघाला की भगव्याचा टोमॅटो होतो आणि वाढदिवसाच्या बॅनरवरचा भाऊ उन्हात भाजल्यासारखा लाल दिसतो. गिऱ्हाईक येऊन विचारतं, "ह्यो रंग असो कसो इलो?" मग ऑपरेटर फोटोशॉपमध्ये प्रत्येक फाइलचा मजेंटा हाताने कमी करत बसतो. त्यापेक्षा नव्या शाईचं प्रोफाइल त्या-त्या मीडियावर (फ्लेक्स, व्हिनाइल वगैरे) एकदा नीट करून घ्या. पुरवठादार देत असेल तर उत्तम. देतो म्हणून टाळत असेल तर तेही त्या शाईबद्दल बरंच सांगून जातं.

सगळं शाईवर ढकलणं

नोझल चेक, म्हणजे नोझलच्या रेघांचा चाचणी-कागद, नीट वाचला तर निम्मी भांडणं मिटतील. क्लीनिंग करून लागोपाठ तीनदा नोझल चेक काढा आणि कागद शेजारी-शेजारी ठेवा. दर वेळी त्याच रेघा गायब असतील तर ती नोझल सुकली किंवा तुंबली आहेत. दर वेळी वेगळ्या रेघा जात असतील तर लाइनमध्ये हवा आहे: डॅम्पर, जोडणी, सब-टँक (हेडजवळची छोटी टाकी) तपासा. चारही रंग एकदम खराब असतील तर कॅपिंग (थांबलेलं हेड झाकणारी टोपी) किंवा पंप शाईच ओढत नाहीये, शाईला दोष देऊ नका. आणि सुरुवात छान, पण दोन-चार फुटांनंतर एकच रंग फिका पडत असेल तर त्या रंगाचा पुरवठा कमी पडतोय. इथे मात्र फिल्टर तुंबलाय की शाई जास्त घट्ट आहे, दोन्ही बघावं लागतं. ओतल्या ओतल्या छापायला घेतलेल्या शाईत बुडबुडे असतात, म्हणून टाकी भरल्यावर थोडी उसंत द्या.

बाकीचे आरोपी कोकणातले घरचेच आहेत. बहुतेक मशीनला 40 ते 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे ती 80-90च्या घरात असते. डब्याचं झाकण उघडं राहिलं तर शाईत ओल शिरते, कॅनव्हास आणि कागद फुगून हेडला घासतात, बॅनर वाळायच्या आत गुंडाळला की पाठीला चिकटतो. एसी ड्राय मोडवर ठेवा, मीडिया पिशवीतून काढून आदल्या दिवशीच खोलीत ठेवा, लॅमिनेशनच्या आधी प्रिंटला एक दिवस मोकळी हवा मिळू द्या.

लाइट गेली की हेड कॅपिंगवर न बसता मधेच उघडं राहतं आणि अर्ध्या तासात सुकायला लागतं. मशीन कॅपिंगवर परत येईल एवढा तरी यूपीएस हवाच. अर्थिंगही बघा: जांभ्यात खड्डा करून पुरलेली प्लेट उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतं उरतं, आणि हेडचं कार्ड त्यात जातं. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात, ते वेगळंच.

उन्हात किती टिकायचं आहे

अकरा दिवसांच्या बॅनरला बाहेरची शाई बिनधास्त वापरा. तारकर्लीच्या किंवा गुहागरच्या होमस्टेचा बोर्ड मात्र किनाऱ्यावर पश्चिमेचं ऊन खात वर्ष-दोन वर्षं उभा राहणार असतो. हलक्या शाईत आधी यलो आणि मजेंटा उडतात आणि बोर्डावरचं सुरमईचं ताट निळं पडतं. पुरवठादाराच्या 'आउटडोअर दोन वर्षं'वर विसंबू नका. चार रंगांची एक पट्टी छापा, अर्धी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने झाका आणि मार्चमध्ये गच्चीवर लावा. मे अखेरीस फॉइल काढलं की दोन्ही बाजू शेजारी दिसतील.

बिल, वॉरंटी आणि साठा

बिनबिलाची शाई स्वस्त वाटते, पण जीएसटीचं इनपुट क्रेडिट जातं आणि डबा खराब निघाला तर भांडायला कागदही राहत नाही. मशीन वॉरंटीत असेल तर अटी वाचल्याशिवाय बाहेरची शाई घालू नका. शाईमुळे झालेलं नुकसान कंपन्या भरून देत नाहीत. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर बसते. एकट्याने दुकान चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आपली शाई कोल्हापूरहून किंवा मुंबईहून येते. पावसात करूळ घाटात किंवा आंबा घाटात दरड आली की पार्सल अडकतं, आणि मग समोरच्या दुकानातून मिळेल तो डबा आणून ओतला जातो. जूनच्या आधीच गणपतीपर्यंत पुरेल एवढा साठा शक्यतो एकाच बॅचचा घ्या, एक्सपायरी बघून घ्या. डब्यावर आल्याची तारीख मार्करने लिहा आणि जुना डबा पुढे ठेवा.