एनडीएची तयारी करणाऱ्या मुलींनो, आधी पाय सांभाळा

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2021 च्या अंतरिम आदेशाने खडकवासल्याच्या एनडीएचं, म्हणजे तिन्ही दलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, दार मुलींसाठी उघडलं. पहिल्या तुकडीतल्या 17 जणी 30 मे 2025 च्या दीक्षांत संचलनात मुलांसोबत चालल्या. परीक्षा युपीएससी वर्षातून दोनदा घेते आणि मुलींना फी नाही. लष्करासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागतं, म्हणून हा निर्णय दहावीनंतर लगेच घ्या.

लेखीला गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी 600 ची. गणितात 150 मिनिटांत 120 प्रश्न, म्हणजे एकाला सव्वा मिनिट. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं की 0.83 वजा. निव्वळ अंदाजाने गोळे रंगवू नका. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद होत असतील तरच धोका पत्करा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमाच्या हुशार मुली इथेच अडखळतात, त्यामुळे अकरावीपासून गणिताच्या संज्ञा इंग्रजीतूनही पाठ हव्यात.

मुलाखतीची तयारी सगळे करून घेतात. शरीराची तयारी मात्र लेखीचा निकाल लागल्यावर सुरू होते, आणि घात तिथेच होतो. श्वास महिन्याभरात सुधारतो, हाडाला ताण पेलायला कितीतरी महिने लागतात. ब्रिटिश लष्कराने 1998 च्या सुमारास स्त्री-पुरुषांना एकाच मापाचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा अतिताणाच्या दुखापतींमुळे बाहेर पडणाऱ्या मुलींचं प्रमाण चांगलंच वाढलं. उंच मुलांशी पाऊल जुळवताना आखूड पायांच्या मुलीला लांब ढांग टाकावी लागते, आणि तो ताण नडगीवर आणि ओटीपोटाच्या हाडावर येतो.

म्हणून लक्ष्य 2.4 किलोमीटर 15 मिनिटांत असं ठेवा, पण सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, 20 मिनिटांची करा: एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं. दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. धावताना पावलं लांब नकोत, छोटी आणि भराभर टाका. जोर जमत नसतील तर हात कट्ट्यावर टेकवून सुरू करा, कट्टा हळूहळू खाली आणा.

नडगी दुखायला लागली तर बोटाने दाबून बघा. लांबच लांब ठणका असेल तर आठवडाभर धावणं कमी करा. एकाच बिंदूवर कळ येत असेल, रात्रीही दुखत असेल, तर धावणं लगेच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बारीक तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून पुन्हा पळू नका. एमआरआय लागेल का, ते विचारा.

सरावाच्या काळात पाळी सलग तीन महिने चुकली तर तो शिस्तीचा पुरावा नव्हे. खाणं कमी पडतंय आणि हाडं झिजतायत, असा त्याचा अर्थ असू शकतो; आईला आणि डॉक्टरांना सांगायलाच हवं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर दम लवकर लागतो. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळा, पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

लेखी पास झालेल्यांची निवड मंडळ (एसएसबी) पाच दिवस पारख करतं: मुलाखत, मानसिक चाचण्या, मैदानी कामं. शब्दचाचणीत दिसलेल्या शब्दावर सुचेल ते वाक्य लिहायचं असतं: 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद. घड्याळ लावून रोज 20 शब्दांवर वाक्यं लिहा. मैदानी गटकार्यात, म्हणजे फळी-दोरी वापरून गटाने अडथळे पार करताना, गप्प राहणारी मुलगी परीक्षकाला दिसतच नाही. पहिली कल्पना तुमची असायला हवी असं नाही. दुसऱ्याच्या कल्पनेतली त्रुटी दाखवून फळी कुठे टेकवायची ते सांगितलंत तरी चालतं.